रिकाम्या घराच्या पुढचं घर

आषाढात जिन्याच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या घोट्याजवळचं हाड मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. जेलरोडला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. म्हणजे सहा आठवडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पहिले चार दिवस फोन बघण्यात गेले, पाचव्या दिवशी फोनचाही वीट आला. त्याच दुपारी समोरच्या मामी आल्या. एका हातात कॉफीचा पेला आणि काखेत एक लांबट लाकडी पेटी.

मामी मूळच्या कोइमतूरकडच्या. मामांची नोकरी प्रेसमध्ये होती. नोटा आणि स्टॅम्प छापणाऱ्या प्रेसमुळे नाशिकरोडला देशभरची माणसं येऊन राहिली, त्यातलंच हे कुटुंब. चाळीसहून अधिक वर्षं इथे काढल्यावर मामी भाजीवाल्याशी आपल्यासारखीच घासाघीस करतात. मोजताना मात्र अजून तमिळमध्ये मोजतात.

पेटी त्यांनी पलंगावर ठेवली आणि उघडली. पितळी बिजागऱ्यांवर ती उलगडली आणि दोन फळ्या शेजारी शेजारी सपाट झाल्या. प्रत्येक फळीत सात खड्डे, आमटीच्या लहान वाटीएवढे, वर्षानुवर्षं बोटं फिरून आतून गुळगुळीत झालेले. फणसाचं लाकूड, कडेला तेलाने काळपट झालेलं. “माहेरून आली माझ्याबरोबर. पल्लांगुळी,” मामी म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतून चिंचोके ओतले. पूर्वी कवड्या होत्या, घरं बदलताना हरवल्या. चिंचोके तर आपल्याकडे कुठल्याही स्वयंपाकघरात सापडतात.

असा खेळ मी कधी पाहिला नव्हता. आमच्या लहानपणी सागरगोटे होते, नागपंचमीला झोके होते, आजोळी सारीपाटाचा एक फाटका पट होता. खड्ड्यांत बिया पेरत जायचा खेळ ऐकूनही माहीत नव्हता. नंतर कळलं की आपल्या दक्षिणेला तो घरोघरी आहे. कर्नाटकात अळगुळी मणे, तुळूंच्या मुलखात चेन्ने मणे, तेलुगूत वामनगुंटलु. श्रीलंकेत तो गुंजांनी खेळतात.

नियम दहा मिनिटांत सांगून झाले. खड्ड्याला तमिळमध्ये कुळी म्हणतात. आम्ही घर म्हणायचं ठरवलं. माझ्या बाजूची सात घरं माझी, समोरची सात मामींची. प्रत्येक घरात पाच चिंचोके, एकूण सत्तर. काही घरांत सहा-सहाने खेळतात, मामींच्या माहेरी पाचाने. आपल्या बाजूच्या कुठल्याही एका घरातले सगळे दाणे उचलायचे आणि उजवीकडे एकेका घरात एकेक टाकत जायचं. आपली ओळ संपली की समोरच्याची ओळ, ती संपली की पुन्हा आपली. हातातला शेवटचा दाणा पडला की त्याच्या पुढच्या घरातले सगळे उचलायचे आणि पेरणी पुढे चालू. पुढचं घर रिकामं असेल तर हात थांबतो आणि त्या रिकाम्या घराच्या पुढच्या घरात जे असेल ते आपलं. पुढची दोन्ही घरं रिकामी निघाली तर काहीच मिळत नाही, डाव समोरच्याकडे जातो.

“आणि एक,” मामी म्हणाल्या. “पेरता पेरता कुठल्याही घरात चार झाले की ती पसू. पसू म्हणजे गाय, चार पायांची. ज्याच्या घरात झाली त्याची. कुणाच्याही हातून होऊ दे.”

दाणे टाकायला मला शिकावं लागलं नाही. माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं. वावरात भुईमूग टोकताना वडिलांच्या मागे मी मूठभर दाणे घेऊन चालायचे. मूठ किंचित उघडी, अंगठ्याने एकेक दाणा पुढे सरकवायचा, खाली वाकून न बघता सोडायचा. मामींनी माझा हात पाहिला आणि मान हलवली. एवढ्या एका गोष्टीत मी आधीपासून तयार होते.

पहिला हात त्यांनी मला दिला. मी अगदी डावीकडचं घर उचललं. पाच दाणे पाच घरांत पडले. पुढच्या घरातले पाच उचलले, ते मामींच्या बाजूला गेले. पुन्हा उचलले, वळून माझ्या ओळीत आले. पाच वेळा हात भरला. शेवटी पुढे रिकामं घर आलं आणि त्याच्या पलीकडच्या घरात सात दाणे होते. सात माझे! पहिल्याच खेळीत सात.

मामींनी पट निरखला, फार तर चार श्वास. त्यांच्या उजवीकडून दुसऱ्या घरात एकुलता एक चिंचोका पडला होता. त्यांनी तोच उचलला. शेजारी टाकला. मग माझ्या पहिल्या घरातले दोन उचलले, दोन घरांत टाकले. मग माझ्या चौथ्या घरातले आठ, ते फिरत त्यांच्या ओळीत गेले. शेवटचा दाणा पडला तेव्हा पुढे होतं तेच घर, जिथून त्यांनी तो एकुलता चिंचोका उचलला होता. आता रिकामं. आणि त्याच्या पुढच्या घरात आठ. मामींनी ते आठ ओंजळीत घेतले. खेळी सुरू करतानाच त्यांनी स्वतःचं एक घर रिकामं करून ठेवलं होतं आणि सगळी पेरणी फिरून तिथेच येऊन थांबणार हे त्यांना आधी दिसलं होतं.

त्या दिवशी मी सगळे डाव हरले. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर मी एकच करत होते: माझ्या ओळीत ज्या घरात सर्वांत जास्त दाणे असतील ते घर उचलायचं. हात भरलेला असला की लांब जातो, लांब गेला की काहीतरी मिळतं, असं मला वाटायचं. मिळायचंही कधी कधी. पण भरलेला हात वाटेत समोरच्याच्या सातही घरांत एकेक दाणा ठेवत जातो, हे मला दिसत नव्हतं. आपण उदारपणे त्यांचं शेत पेरून देत असतो.

दुसऱ्या आठवड्यात मी लेकाची जुनी चौकटीची वही घेतली. एका पानावर चौदा चौकटी, त्यात आकडे. मामी गेल्या की रात्री मी एकेक खेळी कागदावर पेरून बघायची. सुरुवातीची खेळी सातही घरांमधून करून पाहिली. सातही वेळा उत्तर एकच: सात दाणे. सगळी घरं सारखी भरलेली असल्यामुळे पेरणीची वाट तीच राहते, फक्त जागा सरकते. हे कळल्यावर मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी मामी आल्या आल्या सांगितलं. त्या हसल्या. “अगं, म्हणून तर पहिला हात पाहुण्याला देतात. त्यात कुणाचं कमीजास्त होत नाही.”

पण वहीत आणखी एक दिसलं होतं. मिळतात सातच, मागे उरतं ते मात्र वेगळं. डावीकडच्या टोकाच्या घरापासून सुरुवात केली तर माझ्या ओळीत सत्तावीस दाणे उरतात आणि मामींच्या ओळीत छत्तीस. मधल्या, म्हणजे चौथ्या घरापासून केली तर माझ्याकडे चौतीस आणि त्यांच्याकडे एकोणतीस. हे मी त्यांना सांगितलं नाही. सरळ चौथं घर उचललं.

सात मिळाले. मामी थोडा वेळ थांबल्या. यावेळीही त्यांच्या ओळीत एका घरात एकटा चिंचोका होता, डावीकडून तिसऱ्या. त्यांनी तो उचलला आणि मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. एक दाणा, मग सात, मग आठ, मग पुन्हा एक, मग आठ. हात थांबेचना. माझ्या चौथ्या घरात त्यांनी दाणा टाकला आणि मला दिसलं: चार! “गाय,” मी ओरडले आणि चार दाणे उचलून घेतले. मामी पेरत होत्या. एक, मग नऊ. चिंचोके लाकडावर पडताना टक, टक असा एक ठेका धरतात आणि कान त्या ठेक्यात गुंगतो. मी मघाच्या गाईच्या आनंदात होते. त्यांचा हात माझ्या दुसऱ्या घरावरून गेला, तिसऱ्यावर गेला आणि मग मामी थांबून म्हणाल्या, “दुसऱ्यात बघ.” चार होते. पण त्यांच्या घरचा नियम असा की पुढचा दाणा पडायच्या आत गाय ओळखली नाही तर ती सुटली. गाय गेली. पुढे त्याच खेळीत त्यांच्या स्वतःच्या ओळीत लागोपाठ दोन गाई झाल्या आणि शेवटी रिकाम्या घरापलीकडचे अकरा. एका चिंचोक्यापासून एकोणीस दाणे.

चौतीस-एकोणतीस हा माझा हिशोब चुकीचा नव्हता, पण मी चुकीची वस्तू मोजत होते. ओळीत दाणे किती यावर फार काही ठरत नाही. ते कसे मांडले गेलेत यावर ठरतं.

“तू भरलेली घरं बघतेस,” मामी त्या दिवशी कॉफीचा पेला गार करत म्हणाल्या. “सगळे आधी तेच बघतात. तू रिकामी बघ.”

मग त्यांनी मला उलटं मोजायला शिकवलं. मला वाटतं, या खेळात शिकण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं इथे आहे. हातातून पुढे पुढे पेरत नेऊन काय होईल हे मनात धरायला गेलं की तिसऱ्या उचलीत आकडे सांडतात. त्याऐवजी आधी बक्षीस शोधायचं: रिकामं घर आणि त्याच्या लगेच पुढे भरलेलं घर, अशी जोडी कुठे आहे? समजा मामींचं दुसरं घर रिकामं आहे आणि तिसऱ्यात नऊ आहेत. ते नऊ मला हवेत. तर माझा शेवटचा दाणा त्यांच्या पहिल्या घरात पडायला हवा. आता तिथून मागे मोजत यायचं. माझ्या सातव्या घरात एकच दाणा असेल तर तो तिथे पोचतो. सहाव्या घरात दोन असतील तर पोचतात. पाचव्यात तीन, चौथ्यात चार असते तर ते गाय होऊन कधीच उचलले गेले असते, तिसऱ्यात पाच. यातलं एक जरी जुळलं तरी नऊ माझे. हे पाच क्षणांत बघता येतं. थोडी सवय झाली की एक उचल मधे धरून, म्हणजे दोन टप्प्यांचंही दिसायला लागतं. मामींना चार-पाच टप्पे दिसतात. मला अजून तीनच्या पुढे जाता येत नाही.

हेच स्वतःच्या ओळीकडे वळून बघायचं. माझं कुठलं भरलेलं घर रिकाम्या घराच्या पुढे उघडं पडलंय? असेल तर दोनच उपाय. मधल्या रिकाम्या घरात एक दाणा जाईल अशी खेळी करायची, म्हणजे खिंड बुजते. नाहीतर ते भरलेलं घरच उचलून मोकळं करायचं. आणि तीन दाण्यांचं घर दिसलं की ते डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचं. आपल्या ओळीत असेल तर तिथे पुढचा दाणा कुणीही टाको, गाय आपली. समोरच्या ओळीत असेल तर आपला हात तिथून जाऊ देणं म्हणजे गाय दावणीला बांधून देणं.

या सगळ्यात बोटाने दाणे मोजायची परवानगी नाही. फक्त नजरेने. पाच-सहापर्यंत जमतं. आठ आणि नऊ यांतला फरक नजरेने ओळखायला मला चार आठवडे लागले. मामींनी एक युक्ती दिली: दाणे टाकताना ढीग होऊ द्यायचा नाही, कडेने टाकायचे. आपणच पेरलेलं आपल्याला मग वाचता येतं.

एक फेरी कुणाची तरी ओळ रिकामी झाली की संपते. पण खेळ संपत नाही, आणि मला सगळ्यात जास्त जीव लागला तो या भागाला. उरलेले दाणे ज्याच्या ओळीत असतील त्याचे. मग दोघांनी आपल्या कमाईतून आपली घरं पुन्हा पाच-पाचने भरायची. समजा मला अठ्ठावीस मिळाले आणि मामींना बेचाळीस. माझी पाच घरं भरतात, तीन दाणे हातात उरतात. बाकीची दोन घरं बंद. त्यांत एक काडी आडवी ठेवतात आणि पुढच्या फेरीत तिथे कुणीच दाणा टाकत नाही. मामींची सातही भरतात, सात दाणे शिलकीत. पुढच्या फेरीत मी पाच घरांनिशी सात घरांसमोर. जिंकले तर बंद घर उघडता येतं. एकही घर भरण्याइतके दाणे उरले नाहीत की हरलो.

नुसतं हरणं आणि घरं बंद होत जाणं यांत फरक आहे. एका गुरुवारी माझी चार घरं बंद झाली, तीन उरली. मी म्हटलं, मामी, सोडा, नवा डाव मांडू. त्यांनी ऐकलं नाही. “तीन घरं आहेत ना? मग खेळ.” तीन घरांनी खेळताना कळलं की वाट किती लहान होते. चौदाच्या ऐवजी दहा घरांचा फेरा, त्यामुळे हात पटकन वळून घरी येतो आणि जी गणितं पाठ झाली होती ती सगळी बदलतात. त्या फेरीत मला सव्वीस मिळाले. दोन घरं उघडली. शेवटी हरले, पण तो डाव दोन दुपारी चालला, आणि मधली रात्र पट तसाच कपाटावर झाकून ठेवला होता.

श्रावणात मामींनी एकट्याने खेळायचा प्रकार दाखवला. त्याला त्या सीतापांडी म्हणाल्या. अशोकवनात सीता एकटीच हा खेळ खेळत बसायची, असं त्यांच्याकडे सांगतात. पंचवटी आमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर. सीतागुंफेच्या रांगेत मी लहानपणापासून उभी राहिले आहे. तिथून नेलेल्या सीतेचा खेळ कोइमतूरहून फिरून माझ्या पलंगावर यावा, याचं मला फार वाटलं. मामींनाही. त्या दिवशी आम्ही डाव मांडला नाही, नुसत्या बोलत बसलो.

प्लास्टर निघालं तरी चारची वेळ सुटली नाही. मधल्या काळात मी या खेळाबद्दल मिळेल ते वाचत गेले. सगळ्या जगात याची भावंडं आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून मंकला म्हणतात. अरबीतल्या हलवणे, सरकवणे अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं. पश्चिम आफ्रिकेत ओवारे आहे, बारा घरं आणि अठ्ठेचाळीस बिया. पूर्व आफ्रिकेतला बाओ चार ओळींत खेळतात. कझाक आणि किर्गिझ लोकांच्या खेळात नऊ-नऊ घरं आणि १६२ खडे. त्यांचा आणि तुर्कस्तानातल्या मंगलाचा समावेश युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केला. ओवारेचं तर २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी संगणकावर संपूर्ण गणित मांडलं. सुमारे ८८९ अब्ज मांडण्या तपासल्या आणि निष्कर्ष निघाला की दोघेही एकही चूक न करता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. मामींना हे वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “एकही चूक न करणारे दोघं त्यांना मिळाले कुठे?” मग स्वतःच म्हणाल्या की दोन्हीकडून संगणकच खेळला असणार, आणि दाणे भरायला लागल्या.

दिवाळीआधी पाय पुरता बरा झाला तेव्हा लेकाला घेऊन पांडवलेण्यांवर गेले. लेणी मी दहादा पाहिली असतील. यावेळी मी भिंती आणि स्तंभ सोडून खाली बघत होते. एके ठिकाणी दगडात दोन ओळींत गोल खळगे दिसले, पावसाचं पाणी साचून अर्धे भरलेले. पूर्वी पाहिले असते तर दगड झिजला आहे म्हणून पुढे गेले असते. आपल्या राज्यातल्या लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांच्या फरशांवर असे कोरलेले पट अभ्यासकांनी नोंदवलेत, हे तोवर वाचलं होतं. लेक खळगे मोजत होता. मी गुडघ्यावर बसले. हात लावला नाही, पण बोटांना जागा आपोआप कळत होत्या.

दिवाळीनंतर मामी कोइमतूरला लेकीकडे गेल्या, सहा महिन्यांसाठी. पेटी नातीसाठी बरोबर नेली, न्यायलाच हवी होती. मी दिवाळीच्या पणत्या काढल्या, त्यांतल्या चौदा सारख्या निवडल्या, तेलाचे डाग राखेने घासले आणि जेवणाच्या टेबलावर सात-सातच्या दोन ओळी मांडल्या. आता चार वाजता फोन येतो. दोघींकडे दोन पट, त्यांचा लाकडाचा, माझा मातीचा, आणि दोन्हींवर एकच डाव. ज्याची खेळी तो मोठ्याने घराचा आकडा सांगत पेरतो, दुसरी आपल्या पटावर तेच करते. पणतीत चिंचोका पडला की आवाज वेगळा येतो, जरा खणखणीत.

परवाच्या डावात मामी पेरत होत्या. “तुझं एक. तुझं दोन.” माझ्या दुसऱ्या पणतीत तीन होते, ते मी मघापासून धरून ठेवले होते.

“गाय,” मी म्हटलं.

पलीकडे हात थांबला. फोनमधून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला, मग मामींचा आवाज. “आहे खरी. उचल. इकडची मी काढते.”

मी चार चिंचोके उचलून वाटीत टाकले. “हं, सांगा पुढे.”

“तुझं तीन,” मामी म्हणाल्या.